दुर्गेचे डॉक्टर : सुभाष मुखोपाध्याय

या पानावर आम्ही बहुतेक वेळा आपल्या मराठी माणसांची चरित्रे देतो. माळव्यात येऊन स्थिरावलेले शिक्षक, गवई, वकील, वैद्य. या वेळी मात्र एका बंगाली डॉक्टरांची ओळख करून देत आहोत. महाराष्ट्राशी त्यांचा संबंध आला तो त्यांच्या मृत्यूनंतर, आणि तोही मुंबईतल्या परळमधून. तो कसा आला, ते पुढे ओघात येईलच.

डॉ. सुभाष मुखोपाध्याय हे त्यांचे नाव. काही कागदपत्रांत मुखर्जी असेही लिहिलेले आढळते. आपल्या सभासदांपैकी अनेकांना ते नकळत ठाऊक आहेत. १९९० साली तपन सिन्हांचा ‘एक डॉक्टर की मौत’ हा हिंदी चित्रपट आला. पंकज कपूर आणि शबाना आझमी यांची त्यातली कामे दूरदर्शनवर पाहिल्याचे ज्येष्ठांना आठवत असेल. चित्रपटातला डॉक्टर कुष्ठरोगावर लस शोधतो आणि सरकारी खाते त्याला नामोहरम करते. रमापद चौधुरी यांच्या ‘अभिमन्यू’ या बंगाली कथेवरून तो चित्रपट घेतला होता आणि त्या कथेमागे हे डॉक्टर मुखोपाध्याय होते. प्रत्यक्षात लस वगैरे काही नव्हती. प्रत्यक्षात एक मुलगी होती.

त्यांचा जन्म १६ जानेवारी १९३१ रोजी हजारीबाग येथे झाला. तेव्हा ते बिहारात होते, आता झारखंडात आहे. शिक्षण कोलकात्यात झाले. १९५५ साली ते तिथल्या नॅशनल मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले. दवाखाना थाटून बसावे तर त्यांचा ओढा संशोधनाकडे. १९५८ साली कोलकाता विद्यापीठातून प्रजननाच्या शरीरक्रियाशास्त्रात पीएच.डी. घेतली. पुढे स्कॉटलंडमध्ये एडिनबरोला जाऊन प्रा. जॉन लोरेन यांच्या हाताखाली १९६७ साली दुसरी पीएच.डी. केली. हे लोरेन संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोन्सच्या, मोजमापातले नावाजलेले जाणकार. स्त्रीच्या शरीरात बीज कधी पिकते, कोणते हार्मोन कधी चढते, कधी उतरते, हे रक्तातून आणि लघवीतून मोजायला तिथे ते शिकले. आमच्या मते पुढच्या सगळ्या कामाची किल्ली या शिक्षणात आहे. टेस्ट ट्यूब बेबी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काचेची नळी येते. ते काम मुळात वेळ ओळखण्याचे आहे.

परदेशात राहणे त्यांना अवघड नव्हते. ते परत आले आणि पश्चिम बंगालच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत शरीरक्रियाशास्त्र शिकवू लागले. पत्नी नमिता शाळेत शिक्षिका होत्या. या दांपत्याला मूल नव्हते.

आता त्यांनी नेमके काय केले, ते जरा सविस्तर सांगतो. या उपचारांची चर्चा आता आपल्याही घरांत होते, इंदुरात आयव्हीएफ सेंटरच्या पाट्या ठिकठिकाणी दिसतात, पण आत काय चालते याची नीट माहिती फार थोड्यांना असते.

दर महिन्याला बीजांडकोशात साधारणपणे एक बीज पिकते. ते पाण्याने भरलेल्या एका छोट्या पुटिकेत असते. डॉक्टर तिला फॉलिकल म्हणतात. पुटिका फुटली की बीज नळीत, म्हणजे बीजवाहिनीत, येते. तिथे त्याचा पुरुषबीजाशी संयोग झाला तर गर्भ तयार होतो आणि तीन-चार दिवसांत सरकत गर्भाशयात पोहोचतो. नळ्याच बंद असतील तर ही वाट तुटते. मग बीज बाहेर काढायचे, काचेच्या भांड्यात संयोग घडवायचा आणि तयार झालेला इवलासा गर्भ गर्भाशयात सोडायचा. सांगायला सोपे. बीज जेमतेम एक दशांश मिलिमीटरचे. ते फुटायच्या बेतात असताना नेमके गाठायचे, इजा न करता काढायचे, आणि शरीराच्या उबेतच ठेवायचे.

जनावरांत याची सुरुवात फार आधी झाली होती. वॉल्टर हीप या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९० साली एका अंगोरा सशिणीच्या नळीतून दोन कोवळे गर्भ काढून दुसऱ्या जातीच्या सशिणीत ठेवले आणि तिला तिच्या स्वतःच्या पिलांबरोबर दोन अंगोरा पिले झाली. पण सशिणीचे पोट उघडून पाहता येते. बाईच्या बाबतीत प्रश्न होता आत शिरायचे कुठून, हा.

इंग्लंडमध्ये ओल्डहॅमला डॉ. पॅट्रिक स्टेप्टो यांनी दुर्बिणीची वाट धरली. बेंबीपाशी छोटे भोक पाडायचे, पोटात वायू भरून ते फुगवायचे, दुर्बिणीतून बीजांडकोश पाहायचा आणि सुईने पुटिकेतले पाणी ओढून घ्यायचे. त्या पाण्यात बीज सापडते. स्टेप्टो दुर्बिणीच्या ऑपरेशनात वाकबगार होते आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट एडवर्ड्स व जीन पर्डी प्रयोगशाळा सांभाळत.

कोलकात्यात मुखोपाध्याय यांनी ही वाट घेतली नाही. पोटाला हात न लावता योनिमार्गाच्या मागच्या भिंतीला छोटी चीर द्यायची आणि तिथून बीजांडकोशाशी पोहोचून पुटिकेतले पाणी ओढून घ्यायचे, अशी त्यांची पद्धत होती. बीजांडकोश या भिंतीच्या अगदी लगत असतो, त्यामुळे अंतर थोडे. दुर्बीण नको, पोट फुगवायला नको. शस्त्रक्रियेच्या बाजूला त्यांच्यासोबत स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सरोजकांति भट्टाचार्य होते.

दुसरा फरक औषधाचा. ओल्डहॅमच्या मंडळींनी हार्मोनची इंजेक्शने देऊन जास्त बीजे पिकवून पाहिली होती, पण गर्भ टिकेना. शेवटी त्यांनी औषध सोडले आणि निसर्गाने पिकवलेले एकच बीज गाठायचे ठरवले. मुखोपाध्याय यांनी औषध सोडले नाही. रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांच्या लघवीतून काढलेले हार्मोन, ज्याला एचएमजी म्हणतात, ते देऊन त्यांनी एकाच वेळी अनेक बीजे पिकवली. मग इंग्रज डॉक्टरांना आलेली अडचण त्यांना का आली नाही? कारण त्यांनी गर्भ लगेच परत ठेवलाच नाही.

इथे त्यांच्या एडिनबरोच्या शिक्षणाचे चीज झालेले दिसते. औषधाने बीजांडकोश चाळवला की सगळ्या हार्मोन्सचा तोल हलतो आणि त्या महिन्यात गर्भाशयाचे अस्तर गर्भाला धरायला नीट तयार नसते. बी चांगले, पण वाफसा नाही, असा प्रकार. तेव्हा बी जपून ठेवावे आणि वाफसा येईल तेव्हा पेरावे. त्यांनी गर्भ गोठवून ठेवला आणि पुढच्या एका औषधाविना आलेल्या, नैसर्गिक पाळीच्या चक्रात तो गर्भाशयात सोडला.

गोठवणे हे काम डॉक्टरचे नाही. भाजी साध्या फ्रीजरमध्ये गोठवून बाहेर काढली की लिबलिबीत होते, हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. आत पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशी फाडतात. गर्भाचेही तेच होईल. यासाठी त्यांनी सोबत घेतले जादवपूर विद्यापीठातले प्रा. सुनीत मुखर्जी यांना. ते अन्नतंत्रज्ञानातले माणूस, अतिथंड तापमानाचे अभ्यासक. डायमिथाइल सल्फॉक्साइड नावाचे द्रव्य पेशींत भिनवले की स्फटिकांपासून संरक्षण मिळते. त्याच्या साहाय्याने त्यांनी आठ पेशींचा गर्भ गोठवला. ५३ दिवसांनी तो वितळवून मातेच्या गर्भाशयात ठेवला.

एक शरीरक्रियाशास्त्रज्ञ, एक स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एक अन्नतंत्रज्ञ. तिघांपाशी मिळून मोठी प्रयोगशाळा नव्हती, सरकारी अनुदान नव्हते. १९७७ सालच्या अखेरीस, जेव्हा ओल्डहॅमला लेस्ली ब्राउन यांचे बीज काढले जात होते, जवळपास त्याच सुमारास कोलकात्यातही हे चालले होते. दोन्ही गट आपापल्या वाटेने निघालेले.

२५ जुलै १९७८ रोजी ओल्डहॅमला लुईस ब्राउन जन्मली आणि जगभर बातमी झाली. त्यानंतर अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात एक मुलगी जन्मली. नवरात्राचे दिवस होते. जगापुढे तिचे नाव आले ते दुर्गा.

लुईसच्या डॉक्टरांकडे जगाने कौतुकाने पाहिले. दुर्गेच्या डॉक्टरांच्या वाट्याला काय आले?

१९ ऑक्टोबरला त्यांनी राज्याच्या आरोग्य संचालकांना आपल्या कामाचा अहवाल सादर केला. नोव्हेंबरमध्ये चौकशी समिती नेमली गेली. आम्हाला इथे न्यायाने बोलायला हवे. एवढा मोठा दावा झाल्यावर पुरावा मागणे यात गैर काहीच नव्हते. मुखोपाध्याय यांनी छापलेला मजकूरही अगदी त्रोटक होता आणि तो प्रसिद्ध झाला होता अतिथंड तापमानाच्या विज्ञानाला वाहिलेल्या एका भारतीय नियतकालिकात, जे कोणी स्त्रीरोगतज्ज्ञ सहसा वाचत नसे. शिवाय मुलीचे आईवडील पुढे यायला तयार नव्हते. मूल नळीत झाले, हे कळले तर समाज काय म्हणेल, मुलीच्या लग्नाचे पुढे काय होईल, ही भीती. त्या काळच्या कुठल्याही मध्यमवर्गीय घराला, मग ते मारवाडी असो, बंगाली असो की आपले मराठी, ती भीती वाटलीच असती. डॉक्टरांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही. त्यांचा सर्वांत मोठा पुरावा पाळण्यात हातपाय हलवत होता आणि तो दाखवायला ते मोकळे नव्हते.

पण समिती कोणाची? अध्यक्ष रेडिओ-भौतिकीचे प्राध्यापक. सदस्यांत या विषयात स्वतः काम केलेला कोणीही नव्हता, आणि ते एका परीने साहजिकच, कारण देशात हे काम करणारे तेच तिघे होते. अशा वेळी बाहेरच्या जाणकारांना बोलवावे, प्रयोग पुन्हा करून दाखवायची संधी आणि साधने द्यावीत, एवढे तरी करता आले असते. तसे झाले नाही. दावा खोटा ठरवला गेला. जपानच्या क्योतो विद्यापीठातून आपले काम मांडण्यासाठी आमंत्रण आले, तर सरकारी नोकर म्हणून लागणारी परवानगी नाकारण्यात आली. ज्यांना या विषयातले कळत होते त्यांच्यापुढे उभे राहण्याचा मार्गही असा बंद झाला.

कोणी एकाने खलनायक होऊन हे केले, असे चित्रपटात दाखवणे सोपे असते. खऱ्या आयुष्यात एक फाइल इकडून तिकडे जाते, सहकारी मागे हसतात, अर्जावर नकाराचा शेरा पडतो आणि माणूस आतून खचत जातो. त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला. त्यानंतर जून १९८१ मध्ये त्यांची बदली कोलकात्याच्या नेत्ररोग संस्थेत झाली. ज्या माणसाने आयुष्य प्रजननाच्या हार्मोन्सवर घालवले त्याला डोळ्यांच्या संस्थेत खुर्ची मिळाली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी राहत्या घरी आपले जीवन संपवले. वय ५० वर्षे. नमिताबाई शाळेतून घरी परतल्या तेव्हा त्यांना हे कळले.

दुर्गा तेव्हा पावणेतीन वर्षांची होती.

आता परळ. १९८६ साली ६ ऑगस्टला मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षा नावाची मुलगी जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळमधल्याच इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन या केंद्रीय संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या चमूचे ते यश होते. भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून हर्षाचे नाव देशभर झाले. प्रत्येक टप्प्याची नीट नोंद ठेवलेली, शास्त्रीय जगाने मान्य केलेली ती पहिली घटना होती आणि तिचे मोल आजही कमी नाही. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत सामान्यज्ञानाच्या पुस्तकात हेच उत्तर पाठ केले असेल.

१९९७ साली आनंद कुमार या विषयाच्या एका परिषदेसाठी कोलकात्याला गेले. तिथे त्यांच्या हाती मुखोपाध्याय यांची कागदपत्रे आली. अहवाल, टिपणे, पत्रव्यवहार. यातले किती तरी नमिताबाईंनी आणि जुन्या सहकाऱ्यांनी जपून ठेवले होते. आनंद कुमार यांनी ते सगळे वाचले, सहकाऱ्यांशी आणि मुलीच्या पालकांशी बोलले. तपशील जुळत होते. असे तपशील, जे १९७८ साली कल्पनेने रचणे शक्य नव्हते, कारण गोठवलेल्या गर्भापासून मूल होऊ शकते हे तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हते. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला असे मूल जन्मले ते १९८४ साली.

मग त्यांनी बंगळुरूहून निघणाऱ्या ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात त्याच वर्षी लेख लिहून जाहीर केले, की भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार सुभाष मुखोपाध्याय होत. हा मान तोवर त्यांचा स्वतःचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा होता. त्यांना कोणी विचारले नव्हते, कोर्टात दावा नव्हता, कागदपत्रे पुन्हा कपाटात गेली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. आम्हाला हा सगळ्या हकीकतीतला सर्वांत दुर्मीळ प्रसंग वाटतो. शोध लावणारे जगात पुष्कळ झाले. पहिलेपणाचा मान स्वतःच्या हाताने काढून मेलेल्या माणसाच्या नावावर करणारे किती सापडतील?

यानंतर चित्र हळूहळू पालटले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही पुढे आपल्या मार्गदर्शक पुस्तिकेत या कामाची दखल घेतली.

मधल्या काळात या शास्त्राने कोणती वाट धरली तेही पाहण्याजोगे आहे. दुर्बिणीतून बीज काढणे ऐंशीच्या दशकात मागे पडले. सोनोग्राफीचा प्रोब योनिमार्गातून घालता येऊ लागला, त्याला सुई जोडलेली, पडद्यावर पुटिका काळ्या गोळ्यांसारख्या दिसतात आणि सुई भिंतीतून थेट त्यांत जाते. हलक्या दाबाचा पंप पाणी ओढून घेतो, ते गरम ठेवलेल्या नळीत जमा होते आणि शेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली बीज शोधले जाते. टाके नाहीत, पोटावर खूण नाही, बाई सहसा त्याच दिवशी घरी जाते. मुखोपाध्याय यांच्यापाशी सोनोग्राफी नव्हती, त्यांना चीर द्यावी लागली, तेव्हा दोन्ही पद्धती एकच होत्या असे म्हणता येणार नाही. पण शिरायची बाजू तीच होती. बीजे औषधाने पिकवणे आज सर्वत्र रूढ आहे. आणि सगळे गर्भ गोठवून ठेवून नंतरच्या महिन्यात एकेक परत ठेवणे, हे तर आता अनेक केंद्रांत नेहमीचे झाले आहे. एडवर्ड्स यांना २०१० साली नोबेल मिळाले आणि ते सर्वार्थाने योग्य होते. स्टेप्टो १९८८ सालीच गेले होते, पर्डी त्याच्याही आधी, त्यामुळे त्या दोघांचे नाव त्यात येऊ शकले नाही. कोलकात्याच्या तिघांचे नाव तर तिथवर पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता.

२००३ साली दुर्गेला २५ वर्षे पूर्ण झाली. तोवर तिची ओळख घराने झाकून ठेवली होती. शिकून, नोकरीला लागून ती आपल्या पायांवर उभी राहिली होती. त्या वाढदिवसाला ती स्वतःच्या खऱ्या नावानिशी लोकांसमोर आली आणि आपला जन्म कोणाच्या हातून झाला ते तिने सांगितले. ज्या पुराव्यासाठी चौकशी समिती अडून बसली होती, तो असा चालत समोर आला. डॉक्टरांना जाऊन तेव्हा २२ वर्षे झाली होती.